‘वापरकर्ता अनुभव’ की आणखी काही?

काटोलकडच्या संत्रा बागायतदारांकडून नागपुरातल्या घरांपर्यंत ॲपवरून थेट फळ पोचवायचं, असा आमचा तिघांचा धंद्याचा विचार आहे. आराखडा मराठीतच लिहितोय. त्यात ‘वापरकर्ता अनुभव’ असा मथळा टाकला. सीताबर्डीला हिशेबाचं काम करणाऱ्या काकांनी वाचून विचारलं, “काहून रे, वापरणाऱ्याले कितीक वर्षांचा अनुभव पायजे, ते तं लिहिलंच नाही!” त्यांचं चुकलं असं वाटत नाही. यूएक्सला, म्हणजे ‘युजर एक्स्पीरियन्स’ला, बरा शब्द आहे का?

प्रतिसाद: ‘वापरानुभव’ लिहा. दोन नामं नुसती शेजारी उभी करायची तऱ्हा इंग्रजीची. आपल्याकडे ‘चा’ लागतो, नाही तर समास. (‘वापर’ला संस्कृत संधी लावली म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडू द्या.)

प्रतिसाद: वापरानुभव कानाला बरा, पण गोची ‘अनुभव’मध्येच आहे. मराठीत अनुभव येतो, तोही गोष्ट घडून गेल्यावर. यूएक्समध्ये मात्र आधीचंही धरलेलं आहे. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन १९९३ साली ॲपलमध्ये गेले, तेव्हा त्यांनी ‘युजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द आपल्या पदनामातच घेतले. पडदा आणि बटणं एवढ्यापुरता विषय त्यांना अपुरा वाटत होता. आयएसओ ९२४१-२१० या आंतरराष्ट्रीय मानकातल्या व्याख्येत तर प्रत्यक्ष वापराबरोबर अपेक्षित वापरातून मनात उमटणारं सगळं येतं.

म्हणून नाम सोडा, क्रियापद धरा. आराखड्यात मथळा द्या : ‘वापरणाऱ्याला काय अनुभव यावा’. चार जणांच्या हातात देऊन पाहिलं की त्याच्याच खाली ‘काय अनुभव आला’. ‘यावा’ आणि ‘आला’ यांत जेवढं अंतर, तेवढं तुमचं काम उरलं. आणि हा मथळा सोयींच्या यादीच्या आधी घ्या, शेवटच्या पानावर नको.

उदाहरणार्थ, ॲपमध्ये तोडणीची तारीख विचारताय का? बागायतदार संत्र्याचा हंगाम सांगतो, आंबिया किंवा मृग बहार. कॅलेंडर उघडलं की तो तिथंच थबकेल. मग ‘यावा’खाली लिहायचं : नुसता बहार सांगून काम पुढे सरकावं.

मूळ प्रश्नकर्ता: तारखेचा रकाना होता, काढला. मथळाही बदलला. काकांना परत दाखवलं, तर म्हणाले, “अन् पैसे कव्हा येतीन, थो अनुभव कुठी लिहिला?” तो खरंच राहिला होता.