मरगळ आली तेव्हा सुरुवात कशापासून केलीत? फसलेलंही लिहा

गेल्या जूनपासून कशातच मन लागेना. नोकरी बरी, घरात भांडण नाही, तरी सकाळी डोळे उघडले की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. एका रविवारी वहीत आठ कलमी दिनक्रम लिहिला: पाचला उठणे, १२ सूर्यनमस्कार, ध्यान, साखर बंद, २० पानं वाचन वगैरे. सोमवारी सगळं केलं, मंगळवारी निम्मं, गुरुवारी वही कपाटात. वर 'हेही जमलं नाही' हे नवं ओझं. पुढच्या वेळी एकच ठेवलं. उठायचं आणि पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत यायचं. चढायचं नाही. पायऱ्या सगळ्या मिळून १०३, पण तेव्हा सिंहगड वाटायच्या. अकराव्या दिवशी कधी चढलो ते कळलंच नाही.

तुमचं सांगा. फसलेलं आधी.

*

माझा रंकाळा. खरं तर माझा नव्हेच, दोस्ताचा. सहाला दारात उभा राहून हाका मारतोय, शेजारी उठायच्या आत जावंच लागतंय. परत येताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. चालण्यानं बरं वाटलं की दुधानं, देव जाणे.

*

मी स्टॉकहोमला असते. डिसेंबरात इथे उजेड जेमतेम सहा तास, तीन वाजायच्या आत सूर्य गायब. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसमधून आले की कोट न काढता सोफ्यावर पडून राहायचे. आई फोनवर म्हणायची, "देवाचं कर गं काहीतरी." इथल्या मैत्रिणीनं १०,००० लक्सचा, म्हणजे खूप लख्ख उजेडाचा दिवा घ्यायला लावला. सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं, टक लावून बघायचं नाही, आपला चहा प्यायचा. मी शहाणी, एकदा सकाळी राहिला म्हणून रात्री आठला लावला आणि दोन वाजेपर्यंत टक्क जागी! पण दोनेक आठवड्यांत कोट खुंटीवर जायला लागला. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे सकाळचा दिवा लावतेस ना, मग झालं."

*

थोडं वाकडं लिहिते, राग मानू नका. दीड वर्ष मी दिनक्रमच करत होते. योगासनं, रोजनिशी, कोमट पाणी. तरी दुपारी भिंतीला टेकून झोप यायची, केस गळायचे, वजन वाढत होतं. सासूबाई म्हणायच्या आळस झटक, मीही स्वतःला तेच म्हणायचे. शेवटी नणंदेनं ओढत नेऊन रक्त तपासायला लावलं. टीएसएच वाढलेला, थायरॉइड मंदावलेलं. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, हाच माझा टिकलेला पहिला दिनक्रम. मन कशानं बसलंय ते आधी बघा, मग त्याला शिस्त लावा.

*

ताईंना अनुमोदन. मला आंघोळीलाही उठवत नव्हतं आणि नको ते विचार येत होते. रात्री अडीचला १४४१६ ला फोन लावला. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू, चोवीस तास आणि फुकट. मराठीत बोलता आलं, हे फार बरं झालं. इंग्रजीत मला रडता येत नाही. पुढे डॉक्टर, गोळ्या. गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले, तसे लागलेच. तोवरचा माझा दिनक्रम म्हणजे दात घासणे. बास. डॉक्टर म्हणायचे, "मन होईल तेव्हा करू म्हणून थांबू नका. आधी हात हलवा, मन मागून येतं." तेव्हा असला राग आला होता त्या वाक्याचा! आता सकाळी ब्रश हातात घेतला की आठवतं. राग थोडा अजून आहे.

*

निवृत्त झालो आणि दुपार खायला उठायची. सौ.नं काही न बोलता मेथीची जुडी आणि पेपर समोर ठेवला. निवडायला पाऊण तास लागला, त्यात माती राहिली म्हणून बोलणीही खाल्ली. आता वीस मिनिटांत होते. हल्ली ती दोन जुड्या आणते.