बेंगॉल्सची ती लाइन: शहाणा सौदा की नुसती ठिगळं?

ओहायोचा_पाहुणा
फेब्रुवारी २०२२ मधल्या सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याची, शेवटची चाल आठवली की अजून पोटात कालवतं. रॅम्स २३, आपले सिनसिनाटी बेंगॉल्स २०. चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, हवं फक्त एक यार्ड. रॅम्सचा आरन डोनाल्ड डाव्या गार्डला मागे टाकून आत घुसला आणि आपला बॉल फेकणारा क्वार्टरबॅक जो बरो याला धरून गरकन फिरवलं. बॉल कसाबसा सुटला, जमिनीवर पडला, खेळ खलास.

क्रिकेटवाल्यांसाठी: क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. दोन टॅकल, दोन गार्ड, मध्ये सेंटर. ही ऑफेन्सिव्ह लाइन. तिला भेदून कुणी क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडलं की सॅक. बरो त्या हंगामात साखळी सामन्यांत ५१ वेळा पडला आणि प्लेऑफमध्ये आणखी १९. टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात ९! (तोही आपण १९-१६ जिंकलो, हे वेगळं.)

मग मार्चमध्ये तीन फ्री एजंट (कुणाशीही करार करायला मोकळे खेळाडू) आणले. टँपाचा गार्ड अ‍ॅलेक्स कॅपा, डॅलसने सोडून दिलेला टॅकल लाएल कॉलिन्स आणि सेंटर टेड कॅरस. कॅरस तर ३ वर्षांना १.८ कोटी डॉलरमध्ये. सॅलरी कॅप (पगारावरच्या खर्चाची मर्यादा) सगळ्या संघांना सारखीच, आणि बरो तेव्हा नवख्याच्या स्वस्त करारावर होता. माझ्या मते हा शहाणा बाजार होता. पहिल्या दोन सामन्यांत १३ सॅक झाले खरे, पण उरलेल्या १४ सामन्यांत मिळून २८. आता बोला.

दुसरी_फेरी
बोलतो. सॅक कमी झाले कारण बरो बॉल लवकर सोडायला लागला. श्रेय त्याच्या हाताला द्या, भिंतीला नको.

आणि ऐन जानेवारी २०२३ मध्ये, प्लेऑफच्या वेळी, ही भिंत होती कुठे? कॉलिन्सचा गुडघा डिसेंबरात गेला, कॅपाचा घोटा शेवटच्या साखळी सामन्यात. कॅन्सस सिटीत चीफ्सविरुद्ध उपांत्य सामन्याला बरो ५ वेळा आडवा, पुन्हा २३-२०, पुन्हा घरी. मुळात २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तो) पाचव्या क्रमांकावर टॅकल पेनेई सूएल समोर असताना आपण पास पकडणारा जमार चेस घेतला. सूएल दोन क्रमांकांनंतर डेट्रॉइटला गेला. तिथे चुकलो आणि मग बाजारात स्वस्त भाजी शोधत बसलो.

ओहायोचा_पाहुणा
चेसबद्दल एक अक्षर ऐकून घेणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये चीफ्सविरुद्ध एका सामन्यात २६६ यार्ड. सूएलने ते पकडले असते का?

दुखापतींचं म्हणाल तर जानेवारी २०२३ मध्ये डावा टॅकल जोना विल्यम्सही मोडला, आणि तो पहिल्या फेरीतला ड्राफ्ट पिक. गुडघ्याला फेरी कळत नाही. शिवाय तिन्ही राखीव गडी घेऊन बफेलोत, बर्फात, आपण २७-१० जिंकलो ते विसरलात?

कोपरारक्षक
दोघंही एकेक माणूस मोजताय. शाळेत कबड्डी खेळलोय म्हणून सांगतो, लाइन म्हणजे साखळी. समोरचे दोघे तिरके धावून जागा बदलतात, त्याला स्टंट म्हणतात. गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करायचा आणि येणारा दुसरा उचलायचा, क्षणभरात. गार्ड आपल्याच माणसामागे ओढला गेला की मधे दरवाजा उघडा. ही देवाणघेवाण पैशाने येत नाही, सवयीने येते. सप्टेंबरातले ते १३ सॅक बघा: पाचातले चार जण नवे भाडेकरू, त्यात डावा गार्ड व्होल्सन चौथ्या फेरीतला नवखा. सूर लागायला वेळ लागणारच.

म्हणून माझ्या लेखी तिघांतली खरी खरेदी कॅरस. समोरची रचना वाचून कुणी कुणाला धरायचं ते सेंटर ओरडून सांगतो. (त्याच्या त्या ‘सिन्सी’ टोप्या माझ्याकडे दोन आहेत, पैसे धर्मादाय कामाला जातात.)

गोंधळलेला_नवखा
अडाणी प्रश्न. तीन मध्यम घेण्यापेक्षा एक खणखणीत महागडा का नाही घेत?

दुसरी_फेरी
अडाणी अजिबात नाही, वर्मावर बोट ठेवलंत. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये टँपाने चीफ्सना ३१-९ बडवलं, त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स जीव घेऊन पळत होता. त्यांनी दोन्ही जुने टॅकल काढले, गार्ड जो थुनीला ५ वर्षांचे ८ कोटी मोजले, पहिल्या फेरीचा पिक देऊन टॅकल ऑर्लँडो ब्राऊन आणला, आणि ड्राफ्टमध्ये सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत, गार्ड ट्रे स्मिथ चक्क सहाव्या फेरीत. दोन वर्षांनी, हंगामात ७० सॅक करणाऱ्या ईगल्सविरुद्ध सुपर बोलमध्ये माहोम्स एकदाही पडला नाही. एक महाग, दोन आपल्या घरचे. याला बांधकाम म्हणतात.

आणि हो, सुपर बोलमध्ये डोनाल्डने ज्याला मागे टाकलं तो क्विंटन स्पेन कुठून आला होता? स्वस्तातलाच ना? २०२१ चा उजवा टॅकल रायली रीफ? एका वर्षाच्या करारावर, डिसेंबरात जायबंदी. दर मार्चला तोच खेळ.

ओहायोचा_पाहुणा
स्पेनचा मुद्दा लागला, कबूल. डावा गार्ड आपण कधीच धड भरला नाही. पण तुमचा तो ऑर्लँडो ब्राऊन २०२३ मध्ये ४ वर्षांच्या ६.४ कोटींवर आपल्याकडेच आला की! महागडाही आणून झाला. त्याच वर्षी बरोचा करार झाला, ५ वर्षांना २७.५ कोटी. आता एवढं देऊन उरतं किती? २०२२ ला खिशात पैसे होते, तेव्हा तीन भोकं एका महिन्यात बुजवली. ड्राफ्टच्या पोरांची दोन वर्षं वाट बघायची, तोवर बरो कशाने उभा राहणार?

दुसरी_फेरी
मार्च २०२५ मध्ये कॅपालाही सोडलं. तुमच्या तिघांतला उरला एक कॅरस. आणि सप्टेंबरात दुसऱ्याच सामन्यात बरो पुन्हा सॅक होऊन पायाचं बोट धरून बसला.

कोपरारक्षक
एक उरला तो सेंटर, एवढं लिहून ठेवा.

ओहायोचा_पाहुणा
ठेवलं. टोपी कुठे मिळते ते तरी सांगा.