मदत हवी आहे: किडनी कॅन्सरच्या सीरममधे मिर-२१० उलटाच येतोय

नमस्कार मंडळी, एमएस्सीचं डेझर्टेशन, सबमिशनला तीन आठवडे उरलेत आणि डेटा बघून डोकं फिरलंय. क्लिअर सेल किडनी कॅन्सरमधे रक्तातला मिर-२१० (मायक्रोआरएनए, म्हणजे जीनवर ताबा ठेवणारा छोटा आरएनए) मार्कर म्हणून चालेल का, असा विषय आहे. या कॅन्सरमधे बहुतेक वेळा व्हीएचएल जीन कामातून गेलेला असतो, मग हिफ नावाचं प्रोटीन एरवी तुटायचं ते साठत जातं, पेशीला वाटतं ऑक्सिजन कमी पडलाय, आणि हिफ ज्यांना जागं करतं त्यात मिर-२१० अगदी पुढे. म्हणजे तो वाढायला हवा, पेपरमधेही सीरममधे वाढलेलाच दाखवलाय.

माझ्याकडे मात्र पेशंटमधे कमी दिसतोय! २४ पेशंट, २० कंट्रोल, नॉर्मलायझेशन (म्हणजे ज्याच्या तुलनेत मोजायचं तो रेफरन्स) मिर-१६ वर, कारण आधीच्या सीनियरनी तेच केलेलं आणि प्रायमर फ्रीजमधे होता (हो, खरं कारण हेच). कच्चे सीटी (पीसीआरमधे कितव्या फेरीला सिग्नल दिसतो तो आकडा, कमी म्हणजे आरएनए जास्त) काढून बघितले तर मिर-२१० दोन्हीकडे जवळपास सारखा, पण मिर-१६ चा सीटी पेशंटमधे दीडेकने कमी. पेशंटच्या ट्यूब वॉर्डातून यायच्या, दोन-तीन तास ट्रेमधे पडून, आणि कंट्रोल म्हणजे आमच्याच डिपार्टमेंटची पोरं, रक्त घेतलं की लगेच सेंट्रिफ्यूज. वहीत काही ठिकाणी 'गुलाबी' असं लिहून ठेवलंय मीच. हिमोलायसिसचा, म्हणजे लाल पेशी फुटल्याचा, घोळ आहे का हा? नवीन सँपल मिळणार नाहीत, आहे त्यातून काही वाचेल का?

प्रतिसाद १:
गुलाबी वाचलं तिथेच कळलं. अगं मिर-१६ आणि मिर-४५१ लाल पेशींमधे ठासून भरलेले असतात, पेशी फुटल्या की सगळं सीरममधे. तुझा रेफरन्सच वर चढलाय, म्हणून मिर-२१० खाली गेल्यासारखा दिसतोय. सगळ्या सँपलवर मिर-४५१ आणि मिर-२३ए (हा पेशी फुटल्या तरी फारसा हलत नाही) लाव, २३ए च्या सीटीतून ४५१ चा सीटी वजा कर, ७ च्या वर गेलं ते बाजूला काढ, ५ च्या खाली असेल तर बिनधास्त वापर. सीरम उरलं असेल तर ४१४ नॅनोमीटरला हिमोग्लोबिनचं शिखर येतं का तेही बघ, त्याला खर्च नाही. एक्स्ट्रॅक्शनला सेल-मिर-३९ (सगळ्या ट्यूबमधे बाहेरून सारखाच घालायचा तो जंताचा मिर) घातला होतास ना?

धागाकर्ती:
घातला होता! पण त्याने फक्त एक्स्ट्रॅक्शनमधला फरक निघेल ना, फुटलेल्या पेशींचं काय?

प्रतिसाद १:
बरोबर, त्यासाठी ४५१ च. पण मिर-१६ सोडून ३९ वर एकदा काढून बघ, चित्र बदलेल.

धागाकर्ती:
अपडेट. ३९ वर काढलं तर फरकच उरला नाही, ना वर ना खाली. आणि ४५१ लावल्यावर ११ ट्यूब ७ च्या वर, अकराही पेशंटच्या. गेलं कामातून. उद्या मॅडमना सांगते. उरलेल्या १३ पेशंटवर काही म्हणायचं धाडस करावं का, की विषयच 'रेफरन्स कसा फसवतो' असा फिरवून घेऊ? स्टॅटिस्टिक्सवालं कुणी आहे का इथे?