बँकॉकला भाव कितपत पाडावा?

कोथरूडची सून: डिसेंबरात सासूबाईंना घेऊन बँकॉकला चाललेय. त्या तुळशीबागेत निम्म्यापासून सुरू करतात, नाहीतर पाठ फिरवून चालू पडतात. तिकडे खपेल का हे?

सदाशिवकर: तिथल्या चतुचक बाजारात खपेल, पण निम्मं जरा जास्तच होतं हो. बाजार मुख्यतः शनिवार-रविवारचा. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढे करते, आपला आकडा आपणही त्यावरच दाबायचा, तोही हसत. आवाज चढला की सौदा फिसकटला. एकाच गाळ्यात तीन-चार नग घेतलेत तर भाव उतरतो. खाण्याच्या गाड्यांवर मात्र घासाघीस नको.

बाणेरची: विषय निघालाच आहे म्हणून, इस्तंबूलचा ग्रँड बझार रविवारी बंद असतो. तिथे चहा पाजतात. खुशाल प्या, खरेदीची सक्ती नाही.

कोथरूडची सून: सासूबाई कॅल्क्युलेटर घरूनच नेणार म्हणतायत!