‘गुच्छी’ला मराठीत काय म्हणावं?

हिमालयातल्या रानभाज्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात वसंतात बर्फ वितळला की जंगलातल्या ओल्या मातीत उगवणारी गुच्छी आहे. संपादकांनी सगळीकडे ‘भूछत्र’ केलंय. मला खटकतंय. दुसरा शब्द आहे का?

— खटकायलाच हवं. गुच्छीला छत्री असते कुठे? माझ्याकडे हिमाचलातून आणलेल्या वाळक्या गुच्छ्या होत्या. बोटाच्या दोन पेरांएवढी एकेक, डोकं मोहोळासारखं खळग्याखळग्यांचं, आणि उभी चिरली तर शेंड्यापासून देठापर्यंत पोकळ. कोमट पाण्यात भिजवल्यावर तळाशी बारीक रेती बसली. ‘कुत्र्याची छत्री’ तर नकोच! किलोला हजारो रुपये मोजून घेतात लोक.

— मग ‘अळंबी’ का नको?

— चालेल, पण ‘अळंबी’ म्हटलं की कोकणातल्या माणसाला पावसाळा आणि वारूळच आठवणार. गोव्यातली रोयणीची अळमी तर नावातच वारूळ घेऊन येते. तिला वाळवी पोसते. बर्फाशी तिचा काय संबंध? विदर्भातल्या ‘सात्या’ही पावसाळ्यातल्याच. जातीचं नाव म्हणून अळंबी ठीक, या एकीचं नाव म्हणून नाही.

— थोडं अवांतर. पहाडात समजूत आहे की वीज कडाडली की गुच्छी वर येते. ‘मेघदूता’च्या पूर्वमेघात मेघाची गर्जना पृथ्वीला ‘उच्छिलीन्ध्रा’ करते, म्हणजे तिच्यातून शिलीन्ध्रं वर काढते. शिलीन्ध्र म्हणजे अळंबी. (कंदली असाही अर्थ लावतात, तो वाद वेगळा.) पण म्हणून लेखात ‘शिलीन्ध्र’ घालू नका, वाचक पळतील.

— ‘गुच्छी’च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘गुच्छी नावाची अळंबी’ लिहा, पुढे नुसतं गुच्छी. आणि कृतीत ‘कच्ची खाऊ नये’ हे गाळू नका, ती नीट शिजवूनच खायची असते.

— पटलं, गुच्छीच ठेवते. पण अनेकवचन? संपादक ‘गुच्छे’ म्हणतायत.

— गुच्छे फुलांचे, तेही हिंदीत. काठी-काठ्या, तशी गुच्छी-गुच्छ्या. ‘गुच्छ्यांचा पुलाव’ म्हणून बघा, जीभ अडत नाही.