मदत हवी आहे: टेक्सासच्या दिवाणी दाव्याचं समन्स सांगलीच्या घरी कुरियरने आलंय, काय करावं?

मंडळी, अमेरिकेतल्या कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर लिहा.

माझा धाकटा भाऊ काही वर्षं ह्यूस्टनला नोकरीला होता. आता तो पुण्यात असतो. परत येण्याआधी तिथे त्याच्या गाडीची सिग्नलजवळ पुढच्या गाडीला मागून धडक बसली होती. त्या गाडीतल्या बाई स्वतः उतरून बोलल्या, पोलीस रिपोर्ट झाला, विमा कंपनीने त्यांच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे दिले. आमच्या दृष्टीने तो विषय तिथेच मिटला होता.

गेल्या आठवड्यात सांगलीला आई-बाबांच्या पत्त्यावर कुरियर आलं आणि बाबांनी सही करून घेतलं. आत हॅरिस काउंटीच्या (म्हणजे ह्यूस्टनच्या जिल्ह्याच्या) डिस्ट्रिक्ट कोर्टाचं समन्स आहे, तिकडे त्याला साइटेशन म्हणतात. सोबत दाव्याची प्रत. मान आणि पाठीची दुखापत, उपचारांचा खर्च, बुडालेला पगार असं सगळं त्यात आहे आणि मागणी ‘250,000 डॉलर किंवा त्याहून कमी’ लिहिली आहे. तो आकडा वाचल्यापासून आईला झोप नाही. साइटेशनवर म्हटलंय की बजावणी झाल्यावर वीस दिवस उलटले की जो पहिला सोमवार येईल, त्या दिवशी सकाळी दहापर्यंत लेखी उत्तर दाखल झालं नाही, तर एकतर्फी निकाल होऊ शकतो.

घरात दोन मतं आहेत. आमचे काका सांगलीच्या कोर्टातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, परदेशी कोर्टाचा कागद कुरियरने आला म्हणजे बजावणी झाली असं होत नाही, ठेवून द्या कपाटात. भावाच्या ऑफिसातले लोक म्हणतात, तू आता टेक्सासमध्ये राहतच नाहीस, तर त्या कोर्टाला तुझ्यावर अधिकारच नाही. मी वाचलं त्यात परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याबद्दलच्या हेग कराराचा उल्लेख सापडला, भारताने टपालाने बजावणीला हरकत घेतली आहे असंही दिसलं. म्हणजे काकांचं बरोबर आहे का? भावाला कंपनी पुन्हा अमेरिकेला पाठवू शकते, तिथे त्याचं बँक खातंही चालू आहे. म्हणून नुसतं ‘काही होत नाही’ यावर विसंबायची आमची तयारी नाही.

ह्यूस्टनवासी:
ताई, कायद्याचं नंतर बघू. आधी भावाला सांगा की अपघाताच्या दिवशी जी पॉलिसी चालू होती, त्या विमा कंपनीला आजच्या आज हे सगळे कागद स्कॅन करून पाठव. सोबत पॉलिसी नंबर आणि जुना क्लेम नंबर. दुरुस्तीचे पैसे देऊन झाले म्हणून कंपनीचं काम संपत नाही. अशा दाव्यात वकील नेमून बचाव करणं हा त्या पॉलिसीचाच भाग असतो, वकिलाची फी कंपनी भरते. पण कागद तिच्याकडे पोचवायची जबाबदारी आपली. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये असा निकाल दिलाय की विमाधारकाने समन्स पाठवलंच नाही, तर कंपनीला दावा बाहेरून माहीत असला तरी तिला पैसे द्यायला लावता येत नाही. इथे लोकांचं खरं नुकसान यात होतं.

आणि तो आकडा बघून आईंना घाबरू देऊ नका. टेक्सासच्या नियमांप्रमाणे दाव्यात मागणी कोणत्या गटात बसते ते लिहावंच लागतं, 250,000 पर्यंतचा हा सगळ्यात खालचा गट आहे. त्या बाईंचा प्रत्यक्ष खर्च किती, हे त्यावरून कळत नाही. पॉलिसीची मर्यादा मात्र बघून घ्या. कायद्याने सक्तीची किमान मर्यादा एका जखमी माणसामागे 30,000 डॉलर आहे, भावाची त्याहून जास्त असू शकेल.

खटलेवाचक:
तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. कोर्टाला अधिकार आहे का, हा एक. समन्स रीतसर बजावलं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आहे, दुसऱ्याचं बहुधा ‘नाही’.

अधिकाराचं बघा. भाऊ आज कुठे राहतो याला इथे महत्त्व नाही. अपघात ह्यूस्टनच्या रस्त्यावर झाला आणि दावा त्या अपघाताचाच आहे, एवढं पुरतं. 1945 च्या इंटरनॅशनल शू खटल्यापासून अमेरिकेत प्रतिवादीचा त्या राज्याशी पुरेसा संबंध आहे का हे पाहतात. वाहनांच्या बाबतीत तर हे त्याहून जुनं आहे. हेस विरुद्ध पावलोस्की, 1927. पेनसिल्व्हेनियाच्या माणसाने मॅसॅच्युसेट्समध्ये गाडी ठोकली आणि तो निघून गेला. त्या राज्याचा कायदा म्हणत होता की आमच्या रस्त्यावर गाडी चालवलीत म्हणजे अपघाताच्या दाव्यापुरता आमचा वाहन रजिस्ट्रार हा तुमच्या वतीने समन्स घेणारा मुखत्यार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. टेक्सासमध्येही तसाच कायदा आहे, तिथे मुखत्यार म्हणजे राज्याच्या परिवहन आयोगाचा अध्यक्ष. अपघाताच्या वेळी रहिवासी असलेला आणि नंतर राज्य सोडून गेलेला माणूसही त्यात येतो. म्हणजे ऑफिसातल्या मंडळींचं चुकतंय.

बजावणीच्या बाबतीत काकांचा मुद्दा खरा आहे. हेग करार भारतात 1 ऑगस्ट 2007 पासून लागू आहे. टपालाने किंवा परस्पर बजावणीची वाट भारताने बंद ठेवली आहे. कागद दिल्लीला विधी व न्याय मंत्रालयाकडे यायला हवा, तिथून जिल्हा न्यायालय आणि मग बेलीफ. बाबांनी कुरियरवर सही केली म्हणून ही त्रुटी भरून निघत नाही. तो परिवहन आयोगाचा मार्ग धरला तरी शेवटी कागद भारतातच पाठवायचा असेल, तर हेग करार पुन्हा लागू होतोच.

तरीही कपाटात ठेवू नका. तिथली कोर्टं पर्यायी बजावणीला परवानगी देतात. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने भारतातल्या प्रतिवादींना ईमेल आणि फेसबुकवरून कागद पाठवायला मंजुरी दिली होती, तेव्हा दिल्लीहून काही महिने उत्तरच आलं नव्हतं. शिवाय भाऊ ऑफिसच्या कामाने अमेरिकेत उतरला की त्याच्या हातात समन्स ठेवता येतं, तिथे हेग कराराचा संबंध नाही.

आणि टेक्सासची एक खास गोष्ट लक्षात असू द्या. बजावणी चुकीची आहे एवढंच म्हणत कोर्टात गेलात तर दावा फेटाळला जात नाही. हजर झालात असं धरतात आणि फक्त उत्तराला जास्त वेळ मिळतो. चुकीच्या बजावणीचा खरा उपयोग एकतर्फी निकाल झाल्यावर तो रद्द करून घेताना होतो. विमा असताना त्या थराला जायचं कशाला?

पुणे दिवाणी:
इकडची बाजू सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली ठरावीक देशांचे निकाल इथे थेट अमलात आणता येतात, त्यात अमेरिका येत नाही, त्यामुळे टेक्सासचा हुकूमनामा आणून पुण्यात थेट दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) करता येत नाही. त्या निकालावर इथे तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो. त्यात कलम 13 प्रमाणे निकाल गुणदोषांवर झाला का, नैसर्गिक न्याय पाळला का, हे तपासतात. हजर न राहिल्यामुळे झालेला एकतर्फी निकाल इथे पुष्कळदा टिकत नाही. काकांना हेच म्हणायचं असणार. पण तुमच्या भावाचं खातं तिकडे आहे. तिकडच्या खात्यावर जप्ती आणायला वादीला भारतात यायची गरजच नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने रात्रीच विमा कंपनीला फोन केला, कागद ईमेलने गेले, नवीन क्लेम प्रतिनिधीचं नाव मिळालं. पॉलिसीची मर्यादा किमानपेक्षा बरीच जास्त आहे हे पाहून आई जरा सावरली. आता एवढंच विचारते, वादीच्या वकिलाचा ईमेल आलाय की बजावणी मान्य असल्याचं सही करून पाठवा, खर्च वाचेल. पाठवावी का?

खटलेवाचक:
नाही, भावाने स्वतः त्याला एक ओळही लिहू नये. तो ईमेल तसाच विमा कंपनीने नेमलेल्या वकिलाकडे पाठवा. बजावणी मान्य करायची का आणि त्या बदल्यात किती मुदत मागायची, हे त्याने ठरवायचं. तोपर्यंत कुरियरची पाकिटं, त्यावरच्या तारखा, बाबांनी कधी सही केली हे सगळं जपून ठेवा. आणि तो सोमवार बाबांच्या सहीच्या तारखेपासूनच मोजा, बजावणी चुकीची असली तरी. त्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत उत्तर दाखल झाल्याची प्रत वकिलाकडून मागून घ्या.