ऑप्शनल म्हणजे ऐच्छिक? का मरजियात? का अजून काही?

रावपुरा_कारकून: मंडळी, एका शब्दावर अडलोय. इथे वडोदऱ्यात मराठी घरातल्या काही पोरांना फास्टएपीआय (पायथनमधे वेब सर्व्हर लिहायचं साधन) शिकवतोय आणि त्यांच्यासाठी टिपणं मराठीत करतोय. पायडँटिकच्या (आलेली माहिती नमुन्याशी ताडून बघणारी लायब्ररी) मॉडेलमधे ‘ऑप्शनल’ आलं तिथे ‘ऐच्छिक’ लिहिलं, तर बरोबरचा मित्र म्हणतो काढ ते, पोरं फसतील. आता कुठलाही कोश उघडा, ऑप्शनल म्हणजे ऐच्छिकच निघतं. काय लिहू?

तर्कटी: मित्र बरोबर बोलतोय. फोन या फील्डला ऑप्शनल स्ट्रिंग लिहिलं आणि पुढे डिफॉल्ट (काही आलं नाही तर धरायचं मूल्य) दिला नाही, तर पायडँटिक 2 मधे ते फील्ड पाठवावंच लागतं, गाळलं की 422, म्हणजे ‘माहिती नमुन्यात बसत नाही’ हा एरर, तोंडावर. नल, म्हणजे ‘काही नाही’ हे मूल्य, पाठवा, मुकाट घेतं. पायडँटिक 1 मधे नन (नलचंच पायथनमधलं नाव) हा डिफॉल्ट आपोआप लागायचा म्हणून तेव्हा कुणाला टोचलं नाही. फास्टएपीआयच्या डॉक्समधे सुद्धा सांगितलंय की ऑप्शनल हे नाव दिशाभूल करतं, ‘स्ट्रिंग किंवा नन’ असंच लिहा, पायथन 3.10 पासून मधे उभी रेघ दिली की झालं. मूळ नावच वाकडं आहे हो, मराठीत कितीही घासा.

दांडियाबजार: पण ऐच्छिक बोलतं कोण आपल्याकडे? आमच्या घरी आजीपासून सगळे फरजियात-मरजियात म्हणतात. फरजियात म्हणजे पाहिजेच, मरजियात म्हणजे तुमची मर्जी. पोरांना लगेच कळेल.

शुद्धमती: ते गुजराती झालं. मराठी टिपण म्हणायचं आणि निम्मे शब्द शाळेच्या गुजराती मार्कशीटवरून उचलायचे, मग गुजरातीतच लिहा की.

दांडियाबजार: फर्ज अरबी, मर्जी पण अरबी. ‘मर्जी सांभाळणे’ तुमच्या पुण्यात चालतं ना? त्याला ‘यात’ लागलं की लगेच परकं कसं होतं?

माळवी_मिरची: इंदूरहून मधेच तोंड घालतो. नन साठी तयार शब्द आहे, निरंक. आमच्याकडे हिंदी सरकारी तक्त्यात पण ‘निरंक’ भरतात, महाराष्ट्रात तर निरंक अहवाल असतोच. माहिती कळवायची आहे पण कळवण्यासारखं काही नाही, तरी कागद गेला पाहिजे. तर्कटींचं 422 वालं फील्ड अगदी हेच आहे.

शुद्धमती: निरंक म्हणजे निर् अधिक अंक, अंक नाही तो. म्हणजे शून्य.

तर्कटी: नाही नाही, इथेच माणसं मरतात! शून्य हा अंक आहे. क्वेरीमधून, म्हणजे पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या भागातून, ‘नग=0’ आलं, ते मुळात अक्षरंच असतात, फ्रेमवर्कनं त्याचा आकडा करून दिला, आणि पुढे कुणीतरी लिहिलं ‘इफ नॉट नग’ तर काहीच आलं नाही असं धरा. पायथनला 0, रिकामी स्ट्रिंग आणि नन तिन्ही त्या इफमधे सारखेच. गिऱ्हाइकानं शून्य नग मागितले आणि आपण डिफॉल्टचा एक नग बिलात लावला. ‘इज नन’ असं विचारायचं असतं. आणि फ्लास्कमधे (पायथनचंच दुसरं वेब साधन) तर गंमत आणखी, क्वेरीतलं मूल्य काढणाऱ्या आर्ग्ज-गेटला टाइप इंट (पूर्णांक) दिला आणि आकड्याच्या जागी ‘दोन’ असं अक्षरात आलं, तर तक्रार न करता गुपचूप डिफॉल्ट देतो.

म्हणून माझं म्हणणं, एक शब्द पुरणारच नाही. न पाठवलेलं ते गाळलेलं, नल आला ते निरंक, रिकामी स्ट्रिंग ते कोरं. पॅचमधे, म्हणजे नोंदीचा काही भागच बदलायच्या रिक्वेस्टमधे, हा फरक जीवावर येतो: फोन गाळला तर जुना राहू द्यायचा, निरंक पाठवला तर पुसायचा. त्यासाठीच पायडँटिकच्या मॉडेल-डंपमधे, न पाठवलेली फील्डं वगळायला, एक्सक्लूड-अनसेट दिलंय.

जुनं_बाड: तुम्ही सगळे वडोदऱ्याचे आणि एकालाही शब्दकल्पतरू आठवू नये? सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 ला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू निघाला, कारभारातल्या इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी. तेव्हा दरबाराला शेजारची भाषा चालली, आज शुद्धमतींना चालत नाही.

शुद्धमती: शेजारी शेजारी होते, एकमेकांच्या रकान्यात नव्हते. मुद्दा तोच आहे माझा.

माळवी_मिरची: हे मात्र भारी बोललात.

दांडियाबजार: बरं ते राहू द्या, रिक्वेस्टला काय लिहिलंय कारकून? ‘विनंती’ असेल तर आधी ते काढा. सर्व्हरला कसली विनंती, अर्ज असतो तो. नमुन्यात बसला नाही की परत.

तर्कटी: अर्ज चालेल. पण मग हेडर, बॉडी? अर्जाचा देह म्हणणार?

जुनं_बाड: मजकूर म्हणा, मायना वेगळा आणि मजकूर वेगळा. पत्रं लिहिणाऱ्या पिढीला समजावावं लागलं नसतं.

रावपुरा_कारकून: मजकूर घेतला, आवडला. पण ऑप्शनलचं काय करू? सध्या ‘निरंक चालेल असा रकाना’ एवढं लांबलचक लिहून ठेवलंय.

दांडियाबजार: रकाना नको हो, खानं म्हणा.

शुद्धमती: झालं सुरू.